नडगीवरच्या गाठी, सुजलेले घोटे आणि छातीचा एक्स-रे

आरोग्य प्रश्नोत्तरे

मागील एका अंकात सार्कोइडोसिस या आजाराची सर्वसाधारण ओळख करून दिली होती. या आजारात शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी जागोजागी एकत्र जमून सूक्ष्म गाठी तयार करतात. त्या बहुधा फुप्फुसांत आणि छातीतील लसिकाग्रंथींत होतात, आणि अनेकदा रुग्णाला फारसा त्रास न होता आजार महिनोन्‌महिने रेंगाळतो. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे याच आजाराच्या अगदी वेगळ्या, अचानक उसळणाऱ्या प्रकाराविषयी आहेत. या प्रकाराला लोफग्रेन सिंड्रोम म्हणतात. आपल्याकडे तो विरळा आहे आणि त्यामुळेच तो झालेल्या रुग्णाची निष्कारण फरफट होते, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न: माझ्या पत्नीचे वय ३४ वर्षे आहे. फेब्रुवारीत तिला ताप आला, दोन्ही पायांचे घोटे सुजून जिना उतरणे अशक्य झाले आणि चार-पाच दिवसांनी दोन्ही नडग्यांवर लाल, गरम, हात लावू न देणाऱ्या गाठी उठल्या. युरिक अ‍ॅसिड आणि आर.ए. फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी) नॉर्मल आले. छातीच्या एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंना गाठी दिसल्या. एका डॉक्टरांनी हा गाठींचा टीबी समजून सहा महिन्यांची औषधे सुरू करण्यास सांगितले आहे, तर दुसऱ्यांनी सार्कोइडोसिस म्हणून स्टिरॉइड लिहून दिले आहे. आम्ही कोणाचे ऐकावे? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर: आपण सांगितलेल्या तक्रारी एकत्र ठेवल्या, तर लोफग्रेन सिंड्रोमची शक्यता बरीच मोठी आहे. तरीही छातीतील गाठींमधील पेशींची तपासणी झाल्याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही, आणि ती झालेली नसेल तर दोन्हींपैकी कोणतेही औषध सुरू करण्याआधी ती करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या पत्नीला या घटकेला वेदनेपासून आराम मिळणे आवश्यक आहे आणि तो साध्या वेदनाशामक औषधाने मिळू शकतो. निदानासाठी लागणारे काही दिवस त्यामुळे हाती राहतात. धाप, दृष्टीतील बदल, चक्कर येऊन पडणे किंवा झपाट्याने उतरणारे वजन यांपैकी काही नसेल, तर ही उसंत घेण्यात धोका नाही.

लोफग्रेन सिंड्रोमचे चित्र ठळक असते. नडगीवरच्या लाल गाठी, ज्यांना वैद्यकात एरिथेमा नोडोसम म्हणतात, घोट्यांची सूज आणि फुप्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सारख्याच वाढलेल्या लसिकाग्रंथी ही त्याची तीन अंगे होत, आणि बहुधा त्यांच्या जोडीला ताप असतो. स्त्रियांमध्ये त्वचेवरच्या गाठी अधिक आढळतात, तर पुरुषांमध्ये घोट्यांचा त्रास प्रामुख्याने दिसतो. घोटा सुजलेला असला तरी अनेकदा सांध्याच्या आत पाणी फारसे नसते आणि सूज सांध्याभोवतीच्या मऊ भागात असते; सोनोग्राफी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना हा फरक दिसतो. नडगीवरच्या गाठी फुटत नाहीत, त्यांत पू होत नाही आणि दीड-दोन महिन्यांत मुका मार लागल्यासारखे निळे-पिवळे डाग सोडत त्या ओसरतात. व्रण मागे राहत नाही. नेदरलँड्समधील संधिवाततज्ज्ञांनी २००२ मध्ये असे दाखवले होते की, दोन्ही घोट्यांची सारखी सूज, चाळिशीच्या आतले वय, दोन महिन्यांहून कमी काळाचा त्रास आणि एरिथेमा नोडोसम या चारपैकी तीन गोष्टी असतील, तर सार्कोइडोसिसमुळे झालेल्या सांधेदुखीचे निदान बऱ्याच खात्रीने करता येते. आपल्या पत्नीच्या बाबतीत, पत्र लवकर पाठवले असेल तर, चारही गोष्टी जुळतात.

मग पेशींची तपासणी हवीच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपण राहतो तो प्रदेश. नेदरलँड्समध्ये क्षयरोग अत्यंत कमी आहे, आणि जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. क्षयाच्या जंतूंमुळेही एरिथेमा नोडोसम होतो, छातीतल्या गाठी वाढतात आणि ताप येतो. शिवाय शरीरात कुठेतरी क्षय असताना सांध्यांमध्ये प्रत्यक्ष जंतू नसूनही घोटे आणि गुडघे सुजतात, याला पाँसे यांचा संधिवात म्हणतात. फ्रेंच शल्यचिकित्सक आंतोनँ पाँसे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे वर्णन केले. ताप, सुजलेले घोटे, नडगीवरच्या गाठी आणि छातीतल्या ग्रंथी हे चित्र त्यातही तंतोतंत दिसू शकते. त्यामुळे टीबीची शंका घेणारे आपले पहिले डॉक्टर चुकीचा विचार करत आहेत असे मुळीच नाही. मतभेद असलाच, तर शंका आणि उपचार यांच्या मधली पायरी गाळण्याविषयी आहे.

त्या पायरीचा क्रम साधारण असा असतो. प्रथम मॅन्टू चाचणी, म्हणजे हाताच्या त्वचेत सुई टोचून केली जाणारी टीबीची चाचणी, करावी आणि ४८ ते ७२ तासांनी हाताला लागणारा कठीण फुगवटा मोजून घ्यावा; केवळ लाली मोजू नये. सार्कोइडोसिसमध्ये ही चाचणी बहुधा थंड पडते. आपल्याकडे अनेक निरोगी माणसांतही ती कमी-अधिक प्रमाणात सकारात्मक येत असल्यामुळे, ती पूर्ण नकारात्मक येणे सार्कोइडोसिसच्या बाजूने बोलते आणि ती जोरात सकारात्मक आली तर टीबीचा शोध अधिक कसून घ्यावा लागतो. त्यानंतर छातीचा सीटी स्कॅन. सार्कोइडोसिसच्या गाठी दोन्ही बाजूंना सारख्या, सुट्या आणि एकसंध दिसतात, तर टीबीच्या गाठी पुष्कळदा एका बाजूला अधिक, एकमेकींना चिकटलेल्या आणि मध्यभागी गळालेल्या असतात. या खुणा उपयोगी असल्या तरी त्यांवर अखेरचा शब्द सोपवता येत नाही. रक्तातील एसीई नावाची तपासणी अनेक ठिकाणी सांगितली जाते. ती वाढलेली असली म्हणून निदान होत नाही आणि नॉर्मल असली म्हणून आजार नाही असेही ठरत नाही, तेव्हा खर्चाची ओढाताण असेल तर ती टाळली तरी चालेल.

निर्णायक तपासणी म्हणजे ईबस. श्वासनलिकेतून सोनोग्राफी बसवलेली दुर्बीण आत नेतात आणि गाठीतून सुईने पेशी घेतात. गुंगीचे औषध दिलेले असते, छाती उघडावी लागत नाही आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. मुंबई-पुण्यात ही सोय आता अनेक ठिकाणी आहे, आणि सांगलीहून पुण्याची एक फेरी सहा महिन्यांच्या अनावश्यक औषधांपेक्षा निश्चितच सोसण्याजोगी आहे. येथे मी एका गोष्टीवर भर देऊ इच्छितो. घेतलेला नमुना केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पाठवू नये. त्याचा एक भाग सीबीनॅट या जनुकीय चाचणीसाठी आणि एक भाग टीबीच्या कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्यासाठी, अवश्य जावा, आणि हे तपासणीपूर्वीच ठरवून घ्यावे. मध्यभागी न गळालेला ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली प्रतिकारशक्तीच्या पेशींची सूक्ष्म गाठ, हे सार्कोइडोसिसचे लक्षण असले, तरी टीबीच्या काही नमुन्यांतही तो तसाच दिसतो. कल्चरचा अंतिम अहवाल यायला सहा आठवडे लागू शकतात आणि तोपर्यंत अहवालाकडे लक्ष ठेवणे ही डॉक्टर व रुग्ण दोघांचीही जबाबदारी आहे.

एवढा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. लोफग्रेन सिंड्रोम बहुतेक रुग्णांत आपोआप बरा होतो. त्यामुळे त्या काळात दिलेले कोणतेही औषध लागू पडल्यासारखे दिसते. टीबीची औषधे सुरू केली आणि दोन महिन्यांत घोटे उतरले, तर ‘पाहा, टीबीच होता’ असे सर्वजण म्हणतात आणि रुग्ण उरलेले महिनेही ती औषधे घेतो. त्यांतील काही औषधांमुळे यकृताला इजा होऊ शकते, आणि पायराझिनामाइडमुळे तर युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे दुखतात, म्हणजे मूळ तक्रार आणि औषधाचा परिणाम यांची सरमिसळ होते. उलट बाजूने, टीबी असताना स्टिरॉइड दिले, तर ताप आणि सूज झटपट उतरते, रुग्ण समाधानाने घरी जातो आणि आतला जंतू मोकाट सुटतो. औषध दिल्यावर बरे वाटले हा या आजारात निदानाचा पुरावा धरता येत नाही. पुरावा उपचाराच्या आधीच गोळा करावा लागतो.

एक सूचना पूर्व विदर्भ आणि पालघर या भागांतील वाचकांसाठी. त्वचेवर दुखऱ्या लाल गाठी आणि ताप कुष्ठरोगाच्या प्रतिक्रियेतही येतात. त्या गाठी पायांपुरत्या मर्यादित राहत नाहीत, चेहरा आणि हातांवरही उठतात, आणि तपासले तर कुठेतरी बधिर चट्टा किंवा जाड झालेली नस सापडते. कपडे बाजूला सारून संपूर्ण त्वचा पाहणे हा या तपासणीचा बिनखर्चाचा भाग आहे आणि तो वगळला जाऊ नये. घशाचा नुकताच झालेला जंतुसंसर्ग, सल्फा गटातील औषधे, गर्भनिरोधक गोळ्या आणि आतड्यांचे दाहजन्य आजार हीसुद्धा एरिथेमा नोडोसमची परिचित कारणे आहेत.

प्रश्न: माझी मुलगी नोकरीनिमित्त दोन वर्षांपासून स्टॉकहोममध्ये राहते. एप्रिलमध्ये तिला अशाच तक्रारी झाल्या. तेथील डॉक्टरांनी रक्ततपासणी आणि एक्स-रे करून लोफग्रेन सिंड्रोम असल्याचे सांगितले, वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि तीन महिन्यांनी येण्यास सांगितले. बायोप्सी केली नाही. आमचे येथील परिचित डॉक्टर म्हणतात की बायोप्सीशिवाय असे निदान करूच नये. तिकडे दुर्लक्ष तर होत नाही ना? (एक माता, नाशिक)

उत्तर: आपली काळजी समजते. दूरदेशी मुलगी तापाने पडलेली असताना ‘तीन महिन्यांनी या’ हे ऐकून कोणत्याही आईचा जीव टांगणीला लागेल. परंतु हे दुर्लक्ष नाही. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो ते स्वेन लोफग्रेन स्वीडनमधलेच डॉक्टर होते. एरिथेमा नोडोसम आणि छातीतील ग्रंथी यांचा संबंध त्यांनी १९४० आणि १९५० च्या दशकांत काळजीपूर्वक नोंदवला. स्कँडिनेव्हियातील लोकांमध्ये हा प्रकार तुलनेने बराच आढळतो आणि तेथील डॉक्टरांच्या तो नजरेतला आहे. हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून वसंत ऋतूपर्यंत त्याचे रुग्ण वाढतात, हेही तेथे अनेक वर्षे पाहण्यात आले आहे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही म्हटले आहे की, लोफग्रेन सिंड्रोमचे चित्र स्पष्ट असेल तर ग्रंथीची बायोप्सी करू नये. त्या सूचनेला आधार म्हणून उपलब्ध असलेला पुरावा फार भक्कम नसल्याचेही त्यांनी मान्य केले आहे, आणि म्हणून रुग्णावर बारीक लक्ष ठेवणे हा त्या निर्णयाचा अविभाज्य भाग ठरतो.

यावरून आपल्या परिचित डॉक्टरांचे चुकले असे समजू नये. ते नाशिकमधील रुग्ण डोळ्यांपुढे ठेवून बोलत आहेत, आणि नाशिकमध्ये मीही तेच सांगितले असते. येथे आपल्या मुलीचा प्रश्न थोडा निराळा होतो, कारण ती राहते स्वीडनमध्ये आणि वाढली आहे भारतात. तिने तेथील डॉक्टरांना स्वतःहून सांगावे की आपले बालपण भारतात गेले आहे; घरात, शाळेत किंवा वसतिगृहात कोणाला टीबी झाला असल्यास तोही सांगावा. तिचा ताप लांबला, वजन घटू लागले, रात्री घाम येऊ लागला किंवा पुढील एक्स-रेमध्ये गाठी एका बाजूला वाढलेल्या दिसल्या, तर बायोप्सीचा आग्रह धरणे योग्य ठरेल. तिकडून येणारी एक माहितीही जपून वापरावी लागते. स्टॉकहोममधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की, एचएलए-डीआरबी१*०३ हा जनुकप्रकार असलेले लोफग्रेनचे जवळजवळ सर्व रुग्ण दोन वर्षांत पूर्ण बरे होतात, आणि तो नसलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांचा आजार पुढे रेंगाळतो. ही आकडेवारी स्वीडनमधील रुग्णांची आहे. भारतीय रुग्णाला ती जशीच्या तशी लावून ‘नक्की बरे होणार’ किंवा ‘निम्मी शक्यता’ असे सांगणे धाडसाचे होईल. सर्वसाधारणपणे लोफग्रेनचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात, हे मात्र निश्चित आहे आणि आपण तेवढा दिलासा अवश्य बाळगावा.

प्रश्न: आमच्या भाचीला दीड वर्षापूर्वी हा आजार झाला होता. आता ती पूर्ण बरी आहे. तिचे लग्न ठरत आहे. आजार संसर्गजन्य किंवा आनुवंशिक आहे का? पुढे गर्भधारणेत अडचण येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: तो संसर्गजन्य नाही आणि कर्करोगही नाही. जवळच्या नात्यात सार्कोइडोसिस असलेल्यांना तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी अधिक असते, तरी प्रत्यक्षात ती अल्पच राहते आणि त्यावरून विवाहाविषयी कोणताही निर्णय घेण्याचे कारण नाही. पूर्ण बऱ्या झालेल्या स्त्रीची गर्भधारणा सामान्यतः निर्विघ्न पार पडते; क्वचित प्रसूतीनंतरच्या महिन्यांत आजार पुन्हा डोके वर काढतो, म्हणून त्या काळात एकदा तपासणी करून घ्यावी. आपल्या भाचीने होणाऱ्या जोडीदाराला आजाराविषयी स्वतः मोकळेपणाने सांगावे, आणि घरातील मोठ्यांनी तो लपवण्याचा आग्रह तिला करू नये.

प्रश्न: माझे वय ४१ असून ईबस तपासणीनंतर लोफग्रेन सिंड्रोमचे निदान झाले आहे. टीबीच्या सर्व चाचण्या नकारात्मक आहेत. नॅप्रोक्सेन या वेदनाशामक गोळीने घोटे बरेच उतरले, पण पोटात जळजळ होते. एक्स-रेमध्ये गाठी अजून तशाच आहेत, त्यामुळे स्टिरॉइड घ्यावे का, असा प्रश्न आहे. थकव्यासाठी एका डॉक्टरांनी आठवड्याला ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डीची पुडी दिली आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर: आधी पुडीविषयी, कारण ते अधिक तातडीचे आहे. रक्तातील कॅल्शियम मोजले नसेल तर व्हिटॅमिन डी आजच थांबवावे आणि तपासणी करून घ्यावी. सार्कोइडोसिसच्या ग्रॅन्युलोमातील पेशी व्हिटॅमिन डीचे त्याच्या सक्रिय रूपात रूपांतर करतात आणि शरीराचे नेहमीचे नियंत्रण त्यांना लागू पडत नाही. त्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढू शकते, मूतखडे होऊ शकतात आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते. गोंधळ असा होतो की प्रयोगशाळेत नेहमी मोजले जाणारे साठ्याचे व्हिटॅमिन डी या रुग्णांत कमीच दिसते, अहवालात लाल अक्षरांत ‘कमतरता’ छापून येते आणि पुडी लिहून दिली जाते, तर त्याच वेळी सक्रिय रूप प्रत्यक्षात वाढलेले असू शकते. आपल्याकडे ही पुडी इतक्या सहजपणे दिली जाते की सार्कोइडोसिसच्या प्रत्येक रुग्णाने ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना आठवणीने सांगावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फार तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता आणि वाढता थकवा ही कॅल्शियम वाढल्याची लक्षणे आहेत. आपला थकवा त्यातलाच नाही ना, हेही या तपासणीतून कळेल. कॅल्शियमबरोबरच मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या आणि रक्तपेशींची मोजणी करावी.

स्टिरॉइडविषयी सांगायचे तर, केवळ एक्स-रेमधील गाठींसाठी ते घेऊ नये. फुप्फुसांत डाग नसून फक्त मुळाशी गाठी असणे ही एक्स-रेवरची पहिली पायरी मानतात आणि त्या गाठी बहुधा आपसूक विरघळतात, मात्र सावकाश. ताप आणि सांधे काही आठवड्यांत निवळतात, त्वचा पूर्ववत होते आणि एक्स-रे सुधारायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. रुग्णाला बरे वाटत असताना अहवालात गाठी तशाच दिसल्या की घरातील सर्वांचा धीर सुटतो, आणि नको असलेले स्टिरॉइड अनेकदा याच टप्प्यावर सुरू होते. आज स्टिरॉइड घेतल्याने आजाराचा दूरचा शेवट अधिक चांगला होतो, असे दाखवणारा पुरावा नाही. रक्तातील साखर, वजन, हाडे आणि मनःस्थिती यांवर होणारे त्याचे परिणाम मात्र ठाऊक आहेत. वेदनाशामक गोळ्या अजिबात चालत नसतील आणि घोट्यांमुळे चालणे बंद झाले असेल, तर कमी मात्रेतील प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड काही आठवड्यांपुरते देऊन हळूहळू कमी करणे योग्य ठरते. आपली स्थिती तशी दिसत नाही. नॅप्रोक्सेन जेवणानंतर घ्यावे, जोडीला पोटाचे संरक्षण करणारी गोळी असावी, आणि कॅल्शियम किंवा क्रिएटिनिन वाढलेले आढळल्यास नॅप्रोक्सेन थांबवून पर्याय विचारावा. कोल्चिसिन हा काही रुग्णांत उपयोगी पडणारा पर्याय आहे. घोट्यांना विश्रांती द्यावी आणि बसताना पाय उंचावर ठेवावेत.

दोन तपासण्या आपण पत्रात लिहिलेल्या नाहीत. डोळ्यांचा त्रास नसला तरी नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्पने डोळे तपासून घ्यावेत, कारण सार्कोइडोसिसमुळे डोळ्याच्या मधल्या थराला येणारी सूज सुरुवातीला जाणवतेच असे नाही. दुसरी तपासणी ईसीजीची. हृदयातील विद्युत्प्रवाहावर आजाराचा परिणाम होणे लोफग्रेनमध्ये क्वचित घडते, परंतु ईसीजी स्वस्त आहे आणि दुर्लक्षाची किंमत फार मोठी आहे. छातीत धडधड, चक्कर येऊन पडणे, डोळा लाल होऊन अंधुक दिसणे, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे किंवा चालताना नव्याने लागणारी धाप यांपैकी काहीही झाले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.

पुढील एक्स-रे निदानानंतर तीन महिन्यांनी, मग सहा आणि बारा महिन्यांनी काढावा, आणि प्रत्येक वेळी आधीच्या फिल्म सोबत न्याव्यात, कारण एकट्या फिल्मवरून गाठी कमी होत आहेत की नाही हे सांगता येत नाही. दर वेळी सीटी स्कॅन करण्याची गरज नाही. दोन वर्षांनंतरही गाठी तशाच राहिल्या किंवा फुप्फुसांत नवे डाग दिसू लागले, तर आजार रेंगाळणाऱ्या प्रकाराकडे झुकला आहे असे समजून फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी करावी आणि उपचारांचा नव्याने विचार करावा. ईबसच्या नमुन्यावरील टीबी कल्चरचा अंतिम अहवाल आपण स्वतः प्रयोगशाळेतून मागून घेतला नसेल, तर तो या आठवड्यात मागून घ्यावा आणि आपल्या फाइलमध्ये लावून ठेवावा.